दोन देवांच्या दिवसांमधली शेंग

माझ्या सासूबाईंची चूक काढायची नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. लग्न होऊन मी मादोऊ गावात आले तेव्हा नवऱ्यानं पहिल्याच आठवड्यात तो मला सांगितला, तोही न्हाणीघरात नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी हसले. पुढे महिन्याभरात एकदा त्यांच्या पिठात मीठ पडायचं राहिलं आणि मी शहाणी गिऱ्हाइकांसमोर बोलून गेले, "आई, आज मीठ विसरलात." त्या एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर नऊ दिवस बोलल्या नाहीत. दहाव्या दिवशी म्हणाल्या, "बी-लेंग, त्या दिवशी तांदूळच अळणी होता." मी म्हटलं, "हो आई, तांदूळच."

त्यांचं नाव ओंग सू-ग्वात. देवळामागच्या गल्लीत त्यांचं वाकुएचं दुकान. तांदूळ रात्री भिजवायचा, पहाटे वाटायचा, पीठ गरम पाण्यात ढवळून चिनीमातीच्या वाट्यांमध्ये ओतायचं, वर मांसाचे तुकडे, सुकी कोळंबी आणि अंड्याचा बलक ठेवून वाट्या मोठ्या पातेल्यावर उकडायच्या. सहाला पहिला घाणा तयार, बाराला दुकान बंद. तीस वर्षं उकळत्या पाण्यावर हात फिरवून सासूबाईंच्या हातांना वाफ लागेनाशी झाली होती. वाट्या उचलायला चिमटा होता, पण तो माझ्यासाठी. त्या स्वतः वाफेत हात घालून दोन बोटांनी वाटी उचलत आणि बोलणं मधे तोडतही नसत.

या हातांमुळेच आमच्या घरात ऑर्किड शिरली. आ-होंग नावाचा एक रोपवाटिकेतला कामगार रोज सकाळी दोन वाट्या खायला यायचा. एकदा त्याच्या तोंडून गोष्ट निघाली की ऑर्किडचं बी म्हणजे नुसती धूळ. एका शेंगेत लाखभर असतं, पण मातीत टाकलं तर एकही रुजत नाही. त्याला बाटलीत गोड खीर लागते. केळं, बटाटा, शहाळ्याचं पाणी, साखर, थोडी कोळशाची पूड, सगळं आगर घालून थिजवायचं आणि त्यावर बी पेरायचं. अडचण एकच. बाटली उघडली की हवेतली बुरशी आत पडते आणि खीर ती आधी खाते.

"कंपन्यांकडे स्वच्छ हवेच्या काचेच्या पेट्या असतात," आ-होंग म्हणाला. "पूर्वी लोक घरीच करायचे. उकळत्या पातेल्यावर बाटली धरायची आणि वाफेतच उघडायची. वाफ वर जात असते, त्यामुळे वरची घाण खाली येत नाही. पण हात भाजून निघतात हो. म्हणून बंद पडलं ते."

"हात भाजतात, एवढंच?" सासूबाईंनी विचारलं.

त्याच आठवड्यात आमच्या माळ्यावरच्या तांदळाच्या दारूच्या रिकाम्या बाटल्या खाली आल्या. सकाळी वाकुए आणि दुपारी बाटल्या, पातेलं तेच. बाटल्या एकदा उकडून भागत नाही, लागोपाठ तीन दिवस तासतासभर उकडाव्या लागतात. तिसऱ्या दिवशी शेंग दारूच्या पाण्यात बुडवून, ज्योतीवरून फिरवून, वाफेतच चिरायची आणि आतलं पिवळसर पीठ चमच्याच्या टोकानं बाटलीत सारायचं. शेंग हिरवी आणि बंद असेपर्यंत आतलं बी स्वच्छ असतं. एकदा ती तडकली की बी उघड्यावर येतं आणि त्याच्या अंगाला जगाची घाण लागते. म्हणून शेंग केव्हा कापायची हे कळणं, हीच सगळी विद्या.

सासूबाई लिहून ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी स्वतःची सोय लावली. चांद्र पंचांगातल्या दुसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी भूमीदेवाचा वाढदिवस, त्या दिवशी फुलात पराग भरायचे. सहाव्या महिन्याच्या एकोणिसाव्या दिवशी ग्वानयिन देवीचा दिवस, त्या दिवशी शेंग कापायची. मधे साडेचार महिने, शेंगेला नेमके हवेत तेवढे. "देव काय तारीख चुकवतात का?" त्या विचारत. पहिली दोन वर्षं हा हिशेब बिनचूक चालला. खिडकीत हिरव्या कोंबांच्या बाटल्यांची रांग लागली. गिऱ्हाइकं वाकुए खाता खाता बाटल्या बघत, आणि सासूबाई बघणाऱ्यांना बघत.

तिसऱ्या वर्षी कांग गुरुजी दुकानात आले. खायला नव्हे, कारण त्यांचे दात कधीच गेले होते आणि वाकुए चावायला लागत नसला तरी कोळंबी लागते. गुरुजी त्र्याऐंशी वर्षांचे. अर्ध्या गावानं त्यांची छडी खाल्लेली, सासूबाईंनीही, चौथीत. ते आले की साठीला टेकलेल्या माझ्या सासूबाई हात पुसून ताठ उभ्या राहत. दुसऱ्या कुणासाठी त्या उभ्या राहिलेल्या मला आठवत नाहीत.

"सू-ग्वात," गुरुजी म्हणाले, "माझ्या पांढरीचं काहीतरी कर."

गुरुजींच्या अंगणात पपनसाचं झाड होतं आणि त्याच्या खोडाला एक पांढरी फुलपाखरी ऑर्किड बांधलेली होती. त्यांच्या लग्नाच्या वर्षी दक्षिणेकडच्या डोंगरातून एका मित्रानं आणून दिलेली. त्या जंगलाच्या जागी आता रस्ता आहे. चाळीसहून जास्त वर्षं ती त्या खोडावर फुलत होती, पण तिला कधी पिल्लू फुटलं नव्हतं. काही ऑर्किडच्या फुलदांडीवर आपणहून छोटं रोप येतं, हिच्या कधी आलं नाही. एका कंपनीवाल्यानं तिचा शेंडा कापून न्यायची तयारी दाखवली होती, त्यातून हजार रोपं करून देतो म्हणाला. पण शेंडा गेला की मूळ झाड जातं, म्हणून गुरुजींनी त्याला चहा पाजून घालवून दिलं. आणि आता तिची पानं दर वर्षी एकेक करून गळत होती. चार उरली होती.

"ती माझ्याआधी जाणार असं दिसतंय," गुरुजी म्हणाले. "जाऊ दे. म्हातारपण कुणाला चुकलंय? पण तिच्यामागं कुणी नाही, हे बरं वाटत नाही. तिचं एक तरी पोर फुललेलं बघून मग मी जाईन."

"बीपासून फुलायला चार वर्षं लागतात, गुरुजी."

"मग मी चार वर्षं थांबतो. मला दुसरं काय काम आहे?"

भूमीदेवाच्या दिवशी सासूबाई दात कोरायची काडी घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. मीही होते, शिडी धरायला. गुरुजींची एकच अट होती, पराग हिचेच वापरायचे. "बाहेरचा बाप नको," ते म्हणाले आणि स्वतःच लाजले. सासूबाईंनी एका फुलातले पिवळे दाणे काडीनं काढून शेजारच्या फुलात बसवले. मग शिडीवर उभ्या राहूनच बोटं मोजली. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. "ग्वानयिन देवीच्या दिवशी येते," त्या म्हणाल्या. "तोवर हिला हात लावायचा नाही आणि रोज उठून बघायचं नाही. दृष्ट लागते." गुरुजी त्या बोटांकडे बघत होते. चौथीत त्यांनीच सासूबाईंना बोटांवर मोजू नये म्हणून मारलं होतं.

त्या वर्षी चौथा महिना दोनदा आला.

अधिक महिना म्हटल्यावर लग्न झालेल्या मुलींची धावपळ. आईबापांना डुकराच्या पायांच्या रश्श्यातल्या लांब शेवया नेऊन घालायच्या, म्हणजे त्यांचं आयुष्य वाढतं. मी माझ्या माहेरी पिंगतुंगला जाऊन आले. इकडे माझी नणंद सिऊ-खिम दोन डबे घेऊन आली. सासूबाईंनी मोठ्या कौतुकानं सगळं खाल्लं, हाडंसुद्धा चोखली आणि वर म्हणाल्या, "यंदा पाय जरा जून निघाले." सिऊ-खिम हसली. मी डबे घासायला घेतले आणि नळाखाली माझे हात थांबले.

दुसरा, तिसरा, चौथा, परत चौथा, पाचवा, सहावा. भूमीदेव आणि ग्वानयिन यांच्या मधे या वर्षी साडेचार नव्हे, साडेपाच महिने होते. मागच्या दोन वर्षांत अधिक महिना आलाच नव्हता. सासूबाईंनी तो खाल्ला होता, मोजला नव्हता. देवीच्या दिवसाची वाट बघत बसलं तर शेंग झाडावरच तडकणार होती.

मी सरळ जाऊन सांगायला हवं होतं. खरंच हवं होतं. पण अळणी तांदळाचे नऊ दिवस माझ्या पक्के लक्षात होते. मी नवऱ्याला गाठलं.

"तू सांग," तो म्हणाला.

"तुझी आई आहे."

"म्हणूनच तर. तुला नऊ दिवस झाले होते. मला आठवीत असताना दीड महिना झाला होता."

मी सिऊ-खिमला फोन केला. ती म्हणाली, "वहिनी, मी वर्षातनं चारदा येणार, त्यातलं एकदा भांडण करून जाऊ का? आणि तू शंभर टक्के खात्रीनं सांगतेयस का? आईनं आणखी काही धरलं असेल हिशेबात." मलाही तेच वाटून घ्यायचं होतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढं येईना. मी स्वतःची समजूत घातली. त्यांनी तीस वर्षं दुकान चालवलंय, त्यांना का कळणार नाही? गुरुजींच्या अंगणात जाऊन शेंग बघून येणंही मला सुचलं, पण गेले नाही, कारण बघितली असती तर बोलावं लागलं असतं. हे मी आज लिहितेय तेव्हाही मला स्वतःची लाज वाटते. एका म्हाताऱ्या माणसाची एकच इच्छा होती आणि मी सासूच्या अबोल्याला भिऊन मूग गिळून बसले.

ग्वानयिन देवीच्या दिवशी सासूबाई सकाळी लवकर देवळात जाऊन आल्या. दुपारी दुकान बंद केलं, पातेलं उकळायला ठेवलं, तीन दिवस उकडून ठेवलेल्या छत्तीस बाटल्या ओळीनं मांडल्या. मग मला स्कूटरवर मागे बसवून, हातात सुरी आणि उकळलेल्या कापडाची घडी देऊन, त्या गुरुजींकडे निघाल्या. 

गुरुजी दारातच उभे होते. त्यांनी आम्हाला झाडाकडे जाऊ दिलं आणि स्वतः दोन पावलं मागे राहिले.

शेंगेवर कुणीतरी पातळ पांढरी पिशवी बांधली होती, मांस शिजवताना मसाल्याची पुरचुंडी करतात तसली. दोऱ्याच्या गाठी नीट मारलेल्या. सासूबाईंनी पिशवी न सोडता बोटांनी चाचपली. आत शेंग पिवळी पडून तीन ठिकाणी तडकली होती. पिशवीच्या तळाशी चिमूटभर पिवळं पीठ साठलं होतं. पांढरीची पानंही आता तीनच होती.

 मग त्यांनी उजवा हात वर केला आणि बोटं मोजली. एकदा मोजली, परत मोजली. तिसऱ्यांदा मधल्या बोटावर अडल्या आणि हात खाली सोडला.

मी मनातल्या मनात नऊ दिवसांची तयारी केली. पपनसाला दोष जाईल, उन्हाळ्याला जाईल, फार तर भूमीदेवाला जाईल.

"चुकलं माझं," सासूबाई म्हणाल्या. त्या गुरुजींकडे वळल्या. "गुरुजी, मी अधिक महिना धरला नाही."

"मला माहीत होतं," गुरुजी म्हणाले.

"कधीपासून?"

"चौथा महिना दुसऱ्यांदा लागला त्या दिवसापासून. म्हणून पिशवी बांधली. बी वाऱ्यावर जाऊ नये एवढं तरी."

"मग मला सांगितलं का नाही?"

गुरुजी त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसले.  "तीनदा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि परत गेलो. तुझा हिशेब चुकलाय हे तुला कोणत्या तोंडानं सांगू? चौथीत तू बोटांवर मोजून महिन्यांची वजाबाकी चुकलीस, आणि मी तुला सगळ्या वर्गासमोर बारा छड्या मारल्या. पुढच्या आठवड्यापासून तू शाळेत आली नाहीस. परत कधीच आली नाहीस. मी पन्नास वर्षं ते मनात धरून आहे, सू-ग्वात. तुझी शाळा माझ्यामुळं सुटली."

सासूबाई चक्क हसल्या. दुकानात हसतात तशा नाही, तोंडावर हात ठेवून, मुलीसारख्या.

"छड्यांनी कुणाची शाळा सुटते होय? मग या गावात कुणी शिकलंच नसतं. आईला धाकटा झाला होता आणि बापाला तांदूळ वाटायला माणूस नव्हतं. त्या आठवड्यात मला जात्यावर बसवलं, एवढंच झालं. तुमच्या छड्या मला आठवतही नाहीत, गुरुजी. माझ्या जागी जी पोरगी बसायला लागली ना, ती आठवते. तिच्याकडे नवी दप्तराची पिशवी होती."

"खरं सांगतेस?"

"मी कधी खोटं बोलते का?"

गुरुजींनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. काच काही एवढी मळलेली नव्हती. इतक्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, मलाही माहीत होतं."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "तू घरी चल," त्या म्हणाल्या आणि पिशवीसकट शेंग कापून घेतली.

घरी आल्यावर त्या मला बोलल्या ते बोलणं इथं लिहिण्यासारखं नाही. सगळं वाकुएच्या पातेल्यासमोर उभ्यानं, पिशवी हातात धरून. सार एवढंच की मी भित्री, माझा नवरा भित्रा, माझी नणंद तर भित्र्यांची राणी, आणि अशा भित्र्या लोकांचं घर त्यांनी एकटीनं तीस वर्षं उकडून खाऊ घातलं. पण त्या बोलत होत्या. अबोल्याचा एक दिवससुद्धा झाला नाही. शेवटी दमून बसल्या आणि म्हणाल्या, "मी इतकी वाईट आहे का गं?"

मी म्हटलं, "थोड्या."

"थोडी म्हणजे किती?"

"अळणी तांदळाइतकी."

त्यांनी पिशवी हळूच खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मीठ मीच विसरले होते. चल, आ-होंगला बोलाव."

आ-होंगला त्यांनी जे जे विचारलं ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. माझ्या सासूबाईंनी कुणाला एका दमात इतकं विचारताना मी पहिल्यांदाच पाहिलं. उघड्यावर आलेलं बी कसं धुवायचं? कपडे पांढरे करायच्या औषधाच्या पाण्यात. किती? एकाला दहा. किती वेळ? दहा मिनिटं, त्याच्या वर गेलं तर बीच मरतं, कमी पडलं तर बुरशी राहते. आणि मग? मग उकळून गार केलेल्या पाण्यानं तीनदा धुवायचं, सगळं वाफेतच. "मावशी, पण याचा भरवसा नाही हां," आ-होंग म्हणाला. "कंपनीत तडकलेल्या शेंगा आम्ही फेकून देतो."

"कंपनीत फेकतात," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी पातेल्यावर तीन तास काढले. मी घड्याळ बघून मिनिटं सांगत होते. त्यांनीच मला ते काम दिलं होतं, आणि मी "आई, दहा झाली" म्हटलं की त्या निमूटपणे पुढचं पाणी घेत. इतकं सोपं होतं ते. इतकी वर्षं का अवघड गेलं, कोण जाणे. हातावर घाम आणि वाफ एकत्र वाहत होती. छत्तीस बाटल्यांमध्ये छत्तीस चमचे बियांचं पिवळं पाणी गेलं. बुचं बसली. मग त्यांनी हात बाहेर काढले. पहिल्यांदाच ते लाल झालेले मी पाहिले.

बुरशी चौथ्या दिवसापासून यायला लागली. पांढरी कापसासारखी, काळी, एक तर इतकी सुंदर नारिंगी की मला ती बुरशी आहे हे सांगवेना. रोज सकाळी वाकुएचा पहिला घाणा चढवला की सासूबाई खिडकीशी जात आणि एकदोन बाटल्या उचलून मागच्या अंगणात ठेवत. गुरुजी रोज दहा वाजता येत आणि उरलेल्या मोजत. ते बोटं वापरत नसत, नुसते ओठ हलवत. छत्तीसच्या एकवीस झाल्या. एकवीसच्या नऊ. वादळाच्या आठवड्यात दिवे गेले, दमट हवा आत शिरली आणि एका रात्रीत पाच गेल्या. त्याच पावसानं पपनसावरच्या पांढरीच्या शेंड्यात पाणी साचलं आणि तिची पानं मुळापासून सुटून आली. गुरुजी त्या दिवशी दहाऐवजी आठलाच आले. दुकानात गर्दी होती. ते कोपऱ्यात उभे राहिले, आणि सासूबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांना कळलं.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली. किती बाटल्या आहेत?"

"चार."

नंतर दोन झाल्या, मग एक. ती एक बाटली सासूबाईंनी खिडकीतून काढून आपल्या झोपायच्या खोलीत नेली. शरदातल्या पौर्णिमेला, गावभर पपनसांचे ढीग लागले होते तेव्हा, त्या भल्या पहाटे माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. "बी-लेंग, तुझे डोळे तरुण आहेत. बघ गं, हे हिरवं दिसतंय की मलाच तसं वाटतंय?"

मी बाटली दिव्यापुढं धरली. पिवळ्या ठिपक्यांमध्ये काही ठिपके हिरवे झाले होते. मोहरीहून बारीक. "हिरवं आहे," मी म्हटलं. "मोजू का?"

"मोज. तूच मोज."

एकोणीस होते.

त्या एकोणिसांतले अकरा पुढच्या वर्षी रोपं होऊन बाटलीबाहेर आले. ते काम गुरुजींच्या अंगणातच झालं, आणि पहिलं रोप बाहेर काढायचा मान त्यांचा. त्यांच्या हातून दोन मुळं तुटली. सासूबाई म्हणाल्या, "मुळं परत येतात," आणि चिमटा त्यांच्याच हातात राहू दिला. पुढच्या तीन वर्षांत त्या अकरांचे सात झाले. गुरुजींचं वय सत्त्याऐंशी झालं, आणि ऐकू कमी आलं, आणि दुकानापर्यंत चालत येणं थांबलं. त्यांच्या मुलानं त्यांना ताइपेला न्यायचं ठरवलं. गुरुजींनी सांगितलं, फुलल्यावर. मुलगा म्हणाला, काय फुलल्यावर? 

सातांपैकी एका रोपाला दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस दांडी आली. तीन कळ्या धरल्या, त्यातल्या दोन गळल्या. तिसरी एका मंगळवारी सकाळी उघडली. सासूबाईंनी पुढचा घाणा चढवलाच नाही. गिऱ्हाइकांना "संपलं" असं सांगून टाकलं, समोर पीठ दिसत असताना. मी कुंडी दोन्ही हातांनी धरून स्कूटरवर मागे बसले आणि त्या सायकलीच्या वेगानं चालवत राहिल्या. मागून लोक हॉर्न वाजवत होते.

गुरुजी वेताच्या खुर्चीत होते. मी कुंडी त्यांच्या समोरच्या स्टुलावर ठेवली. ते वाकले, भिंग काढलं आणि बघायला लागले.  सासूबाई त्यांच्यापुढं उभ्या होत्या, एप्रन पदरासारखा हातांभोवती गुंडाळून.

"कसं आहे, गुरुजी?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. "खरं सांगायचं."

गुरुजींनी भिंग खाली ठेवलं. "डावी पाकळी वाकडी आहे."

 सासूबाई खाली वाकल्या, मान तिरकी करून त्यांनी ती पाकळी पाहिली.

"आहे," त्या म्हणाल्या. "बरीच वाकडी आहे."

"पण पांढरा रंग तिचाच," गुरुजी म्हणाले. "आणि आतला पिवळा ठिपकाही तिचाच. अगदी तिचाच." त्यांनी भिंग परत उचललं. "सू-ग्वात, यंदाच पराग भरायचे का हिच्यात? आज कितवा दिवस?"

"यंदा नको, गुरुजी. एकच तर फूल आहे. ते राहू दे. तुम्ही बघत बसा."

त्यांनी दुसरं स्टूल ओढलं आणि गुरुजींच्या शेजारी बसल्या. मी ओट्यावर बसले. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिघं ते फूल बघत होतो, आणि कुणालाही कुठं जायचं नव्हतं.